पाच गाड्यांचा मुक्काम

‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द आज आपल्याकडे इंग्रजीतून येतो; परंतु तो मूळचा इंग्रजी नव्हे. फारसीतील ‘कारवान’ म्हणजे एकमेकांच्या सोबतीने मजल दरमजल करीत जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा. आपल्या ओळखीचा ‘कारवाँ’ तो हाच. हैदराबादच्या ज्या जुन्या वस्तीला आजही कारवान म्हणतात, तिच्या नावातही त्या तांड्यांची आठवण राहिली आहे. हा शब्द युरोपात गेला, तेथे त्याचा अर्थ बदलत बदलत ‘चाकांवरचे घर’ असा झाला आणि त्याचा पुढचा भाग छाटून इंग्रजांनी ‘व्हॅन’ हा आणखी एक शब्द तयार केला. अर्थ बदलला, तरी शब्दामागची एक गरज मात्र कायम राहिली. शंभर उंटांचा तांडा असो वा एका कुटुंबाची गाडी असो, दिवस मावळला की उतरावयाचे कोठे, हा प्रश्न प्रवाशापुढे उभा राहतोच.

या प्रश्नाला ब्रिटनच्या ग्रामीण भागात गेल्या शतकभरात एक साधे उत्तर सापडले. शेतकऱ्याच्या कुरणाचा एक कोपरा, पाण्याचा एक नळ, आणि एका वेळी फार तर पाच गाड्या. पालखीच्या वाटेवरील गावांत मुक्कामाच्या जागेला ‘तळ’ म्हणतात. तोच शब्द येथेही शोभेल. हे छोटे तळ कसे निर्माण झाले, फिरस्त्या प्रवाशाला तेथे काय हवे असते, आणि पाच या आकड्यात असे काय आहे, याचा विचार करण्यासारखा आहे.

हौसेसाठी चाकांवरच्या घरातून हिंडण्याची कल्पना ब्रिटनमध्ये रूढ करण्याचे श्रेय डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांना दिले जाते. हे आरमारातील निवृत्त वैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टल येथील एका प्रसिद्ध कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. तिचे वजन सुमारे दोन टन. ती ओढावयास दोन घोडे जोडलेले असत, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. ही गाडी घेऊन डॉक्टरमहाशय इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले, आणि १८८६ मध्ये त्यांनी त्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी गाडी उभी करण्यासाठी राखलेल्या जागा नव्हत्या. संध्याकाळ झाली की एखाद्याच्या दाराशी जाऊन कुरणात उतरण्याची परवानगी मागावी, हीच रीत होती.

पुढे या हौशी मंडळींच्या संस्था निघाल्या. टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या शिंप्याच्या पुढाकाराने १९०१ मध्ये सायकलवरून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. आजच्या ‘कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब’चे मूळ त्यात आहे. १९०७ मध्ये ‘कॅरॅव्हॅन क्लब’ निघाला. २०१७ पासून तो ‘कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ या नावाने ओळखला जातो. या संस्थांनी आपल्या सभासदांना दोन गोष्टी मिळवून दिल्या. कोणता शेतकरी जागा देतो याची माहिती त्यांनी प्रवाशाला पुरविली. आणि येणारा पाहुणा भल्या रीतीने वागेल याची हमी शेतकऱ्याला दिली. अनोळखी माणसाला आवारात उतरू देण्यास लागणारा विश्वास अशा प्रकारे सभासदत्वाच्या एका लहानशा कार्डात उतरला.

१९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडावयाच्या कॅरॅव्हॅन विक्रीसाठी बनविण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये पेट्रोलवरील नियंत्रण उठले. त्याच सुमारास सॅम आल्पर यांच्या ‘स्प्राइट’सारख्या स्वस्त गाड्या बाजारात आल्या आणि श्रीमंतांची हौस सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली. परंतु त्याबरोबर दुसराही एक प्रकार घडला. समुद्रकाठची कुरणे गाड्यांच्या रांगांनी भरून गेली. बाँबहल्ल्यांनी घरांची टंचाई झाल्यामुळे हजारो कुटुंबे कॅरॅव्हॅनमध्येच कायमचा संसार थाटून राहू लागली. आणि अशा कित्येक ठिकाणी धड पाण्याची सोय नव्हती, ना सांडपाण्याची. सर आर्टन विल्सन यांनी १९५९ मध्ये या स्थितीचा अहवाल सरकारला सादर केला, आणि १९६० मध्ये कॅरॅव्हॅन तळांवर नियंत्रण ठेवणारा कायदा संमत झाला. तेव्हापासून कॅरॅव्हॅन तळ चालविण्यास स्थानिक संस्थेचा परवाना आवश्यक ठरला.

याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काही अपवाद दिलेले आहेत. मान्यताप्राप्त संस्थेने एखाद्या जागेला प्रमाणपत्र दिले, तर तेथे त्या संस्थेच्या सभासदांच्या जास्तीत जास्त पाच गाड्या विश्रांतीसाठी व करमणुकीसाठी उतरू शकतात. त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाहून अधिक नसते. म्हणजे जागेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सरकारने या बाबतीत संस्थांवरच सोपविली. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबाच्या अशा प्रमाणित जागा आज दोन हजारांहून अधिक आहेत. दुसऱ्या संस्थेच्या जागांवर पाच गाड्यांखेरीज, जागा असल्यास, काही तंबूंनाही मुभा असते.

अशा तळावर उतरणाऱ्या माणसाला हवे तरी काय असते? जलतरण तलाव, दुकान, मुलांसाठी खेळघर, संध्याकाळचे गाणे-बजावणे, हे सारे मोठ्या तळांवर मिळते, आणि ते ज्यांना हवे असते ते तेथेच जातात. लहान तळाची निवड करणाऱ्याची मागणी निराळी असते. ती ऐकावयास फार थोडी वाटते. पण जी आहे ती पक्की असते.

पहिली मागणी सपाट आणि घट्ट जमिनीची. घरात राहणाऱ्याला जमिनीच्या उताराचे सुखदुःख नसते; परंतु कॅरॅव्हॅन थोडी कलली तर रात्रभर झोपणारा एका अंगाला घसरतो, मोरीतील पाणी निचरत नाही, आणि गॅसवर चालणारे शीतकपाट नीट गार होत नाही. त्या कपाटातील द्रव आपल्या वजनाने फिरत असल्यामुळे ते समपातळीतच असावे लागते. म्हणून प्रवासी चाकाखाली पाचरी घालतो, चारही कोपऱ्यांचे टेके खाली सोडतो आणि पातळी पाहून मगच चहाचे आधण ठेवतो. इंग्लंडातील पाऊस लक्षात घेता जमीन घट्ट असणेही तितकेच महत्त्वाचे. ओल्या गवतात चाके रुतली की निघण्याच्या दिवशी शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पाच जागांपैकी दोन जागी जरी खडी दाबून बसविलेली असली, तरी त्या तळाला शरद ऋतूतही पाहुणे मिळतात.

दुसरी मागणी पाण्याची, आणि तिच्याबरोबरच घाणीच्या विल्हेवाटीची. प्रवासी ४० लिटरचे पिंप जमिनीवरून लोळवीत नळापर्यंत नेतो आणि भरून तसेच लोळवीत परत आणतो. त्याला नळ गाडीच्या दारात नको असतो. पण तो स्वच्छ हवा, आणि गाडीच्या शौचालयाची पेटी जेथे रिकामी करावयाची त्या जागेपासून तो दूर हवा. या पेटीत रसायन घातलेले असते. त्यातील फॉर्मॅल्डिहाइडसारख्या द्रव्याने शेतावरील मैलाटाकीतले उपकारक जंतू मरतात व टाकी निकामी होऊ शकते. म्हणून अनेक यजमान पाहुण्यांना सौम्य रसायन वापरण्यास सांगतात. जो तळ एवढी एक गोष्ट चोख ठेवतो, त्याच्याकडे स्नानगृह नसले तरी कोणी तक्रार करीत नाही. कारण प्रवाशाचे स्नानगृह त्याच्या गाडीतच असते.

तिसरी मागणी विजेची. पूर्वी ती नव्हती. आता पुष्कळांना हवी असते. येथे यजमानाने स्पष्टपणे सांगणे श्रेयस्कर. तेथील वीज २३० व्होल्टची असते. ६ अँपिअरच्या जोडणीवर १,३८० वॉट मिळतात. पाणी उकळण्याच्या विजेच्या किटलीला त्याहून अधिक लागतात, आणि ती लावताच वीज तुटते. १६ अँपिअर असतील तर ३,६८० वॉटपर्यंत सोय होते. जोडणी किती अँपिअरची हे आधी कळले की शहाणा प्रवासी किटली गॅसवर ठेवतो. न सांगता दिलेली अपुरी सोय भांडणाचे मूळ होते. सांगून दिलेली अपुरी सोय कोणालाही चालते.

चौथी मागणी रस्त्याची. मोटार आणि तिच्यामागची कॅरॅव्हॅन मिळून ११-१२ मीटरांची लांबी सहज होते. डेव्हन किंवा कॉर्नवॉल परगण्यातील गल्लीवजा रस्ते दोन्ही बाजूंच्या उंच बांधांमुळे इतके अरुंद असतात की समोरून दुधाची गाडी आली तर एकाला मागे हटावे लागते. आणि कॅरॅव्हॅन मागे हटविणे हे नवशिक्याचे काम नव्हे. मोटारीतील मार्गदर्शक यंत्र जवळची वाट दाखविते, सोयीची दाखवीलच असे नाही. म्हणून कोणत्या वळणाने यावे, फाटक किती रुंद आहे, पाटी कोठे दिसेल, हे चार ओळींत सांगणारा यजमान पाहुण्याचे मन गाडी पोहोचण्यापूर्वीच जिंकून घेतो.

या चार मागण्या पैशाने पुऱ्या होतात. पाचवी मात्र पैशाने होत नाही, ती शांततेची. रात्री दिव्यांचा झगमगाट नको, कारण आकाशातील तारे पाहावयाचे असतात. जनित्राची घरघर नको. सकाळी दार उघडल्यावर समोर कुरण, पलीकडे मेंढ्या, आणि कुंपणातील दारातून टेकडीकडे जाणारी पायवाट असावी. गावातील दुकान वा खाणावळ चालत जाण्याच्या अंतरावर असली तर उत्तम. कोंबड्यांची ताजी अंडी फाटकाशी ठेवलेली असावीत आणि पैसे टाकण्यासाठी शेजारी एक डबा असावा. त्या डब्यावर पहारा नसतो. काही तळ केवळ प्रौढांसाठी राखलेले असतात, तेही याच शांततेसाठी.

सहावी आणि शेवटची अपेक्षा यजमानाकडून असते. त्याने आल्यागेल्याची चौकशी करावी, पण गप्पांनी पाहुण्याला जेरीस आणू नये. कोणती जागा ओली आहे, कोणत्या कुरणात बैल मोकळा आहे, जवळ डॉक्टर कोठे, एवढे सांगावे आणि आपल्या कामाला जावे. मोठ्या तळावरच्या कचेरीत नियमांचा फलक असतो. येथे नियम सांगणारा माणूस स्वतः समोर उभा असतो. त्यामुळे नियम थोडे असले तरी ते पाळले जातात.

आता शेतकऱ्याची बाजू पाहू. पाच गाड्यांच्या भाड्यावर कोणी श्रीमंत होत नाही. परंतु दुधाचा वा लोकरीचा भाव उतरलेल्या वर्षी तेवढी आवक घराला हातभार लावते. मात्र ती शेतीपासून अलग नसते. फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या लाळ-खुरकत रोगाची साथ आली. ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, पायवाटा बंद झाल्या, आणि गुरे असलेल्या शेतांवरील तळांनाही कुलपे लागली. गोठाही रिकामा आणि कुरणाचा कोपराही रिकामा, अशी वेळ अनेक कुटुंबांवर आली. पाहुणे ज्या हिरव्या कुरणासाठी येतात, ते कुरण गुरांनी चरून राखलेले असते, ही गोष्ट त्या वर्षी शहरवासीयांच्या चांगलीच ध्यानात आली.

सुगीच्या वर्षी याच्या उलट मोह पडतो. २०२० च्या महामारीनंतर परदेशप्रवास अडला आणि देशातल्या देशात हिंडणाऱ्यांची गर्दी झाली. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये आणखी एक सवलत आली. त्यानुसार वर्षातून ६० दिवसांपर्यंत, ठरावीक अटींवर, ५० पर्यंत तंबू व निवासी मोटारी शेतात उतरवता येतात. मोटारीमागे ओढावयाच्या कॅरॅव्हॅन मात्र त्या सवलतीत येत नाहीत. पाचावर जर पन्नास शक्य असतील, तर पाचावर का थांबावे, असे कोणालाही वाटेल. परंतु सहावी गाडी आली की केवळ एक गाडी वाढत नाही. दोन गाड्यांत आगीच्या भयाने ६ मीटरांचे अंतर राखावयाचे, तर जागा वाढवावी लागते. मग नळ अपुरा पडतो, मैलाटाकी अपुरी पडते, रस्त्यावर दिवे लागतात, भाडे घेण्यासाठी माणूस ठेवावा लागतो. त्या माणसाचा पगार निघावा म्हणून आणखी गाड्या घ्याव्या लागतात. शेवटी पाहुणा ज्या शांततेसाठी आला तीच हरवते, आणि तो पुढच्या वर्षी दुसरा लहान तळ शोधतो. पाच हा आकडा कायद्याने घातलेला. पण तो यजमानाच्या आणि पाहुण्याच्या दोघांच्याही हिताचा ठरला आहे. एकच माणूस आपले शेत सांभाळून जेवढ्या पाहुण्यांना ओळखू शकेल, तेवढेच त्यात बसतात.

अर्थात या व्यवस्थेला पाहुण्याचेही कर्तव्य आहे. उघडलेले फाटक पुन्हा लावावे, मेंढ्यांच्या दिवसांत कुत्रा दोरीने बांधून न्यावा, सांडपाणी कुंपणाशी ओतू नये, ठरलेल्या वेळी निघावे. निघून गेल्यावर गवतावर गाडीचा फिकट चौकोन राहतो आणि आठवड्याभरात तोही नाहीसा होतो. याहून अधिक खूण मागे राहू नये.

या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर ते अपुरे राहील. डॉ. स्टेबल्स यांच्या आधी कित्येक पिढ्या ब्रिटनच्या रस्त्यांवर चाकांवरचे घर घेऊन हिंडणारे लोक होतेच. ते रोमानी जिप्सी आणि इतर भटके. ते हौसेने हिंडत नव्हते. हिंडणे हेच त्यांचे जगणे होते. १९६० च्या कायद्याने पाच गाड्यांच्या हौशी तळाला वाट दिली; त्याच कायद्याने स्थानिक संस्थांना सार्वजनिक माळांवर कॅरॅव्हॅनना मज्जाव करण्याचा अधिकारही दिला, आणि भटक्यांचे अनेक जुने मुक्काम बंद झाले. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी तळ उभारणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकण्यात आले. आणि २०२२ च्या कायद्याने परवानगीवाचून गाडी घेऊन मुक्काम करणे काही परिस्थितींत फौजदारी गुन्हा ठरविले. भारतात १८७१ मध्ये याच राज्यकर्त्यांनी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला होता, आणि तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. त्या इतिहासाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. सपाट जमीन, स्वच्छ पाणी, घाणीची सोय आणि एक रात्र निर्धास्त झोप, ही मागणी हौशी प्रवाशाची आणि भटक्याची अक्षरशः एकच आहे. एकाला ती कार्ड दाखवून मिळते. दुसऱ्याला दाखवावयास कार्ड नसते.

हा विचार आता आपल्या दारापर्यंत आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले; केरळ राज्यानेही २०२१ मध्ये अशा पर्यटनास प्रारंभ केला. आपल्याकडे मोटारीमागे घर ओढीत नेण्यापेक्षा एकाच वाहनात घर सामावण्याकडे कल आहे. तरी त्या वाहनाला रात्री उतरण्यास जागा लागणारच. ती जागा म्हणजे मोठा खर्च करून बांधलेले एखादे उद्यानच असले पाहिजे, असे नाही. कोकणातील आमराईचा कडेचा तुकडा, मावळातील भातखाचरांच्या वरची खडकाळ पट्टी, नदीपासून सुरक्षित अंतरावरचे एखादे पडीक शेत, एवढ्यानेही आरंभ होऊ शकेल. नळ स्वच्छ असावा, मैल्याची विल्हेवाट विहिरीपासून दूर आणि पक्की असावी, वाटेची माहिती खरी असावी, आणि उपलब्ध नाही ते उपलब्ध आहे असे सांगू नये.

वारीच्या वाटेवरील गावांना हे नव्याने शिकवावयास नको. पालखी येण्याआधी तळ सपाट करणे, पाण्याची व शौचाची सोय पाहणे, आणि आलेल्याला जात-गाव न विचारता टेकावयास जागा देणे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. फरक एवढाच की तेथे एका रात्रीत लाखो माणसे येतात आणि येथे पाच गाड्या. ज्या शेतकऱ्याला या व्यवसायात उतरावयाचे असेल, त्याने प्रथम आपल्या शेताच्या कडेला एक संध्याकाळ उभे राहून पाहावे. पाणी कोठून येईल, पावसात वाट राहील का, रात्री किती शांत असते, आणि आपल्याला किती पाहुण्यांची नावे लक्षात राहतील, याचा अदमास घ्यावा. जेवढ्यांची राहतील, तेवढीच जागा आखावी.